नळी तांब्याची आहे, पण गेज किती?

एप्रिल लागला की बारामतीत एसीचा बाजार तापतो. भिगवण रस्त्यावरच्या दुकानात गिऱ्हाईक येतं, किमतीवर घासाघीस करतं आणि शेवटी एकच प्रश्न विचारतं, "कॉपरच आहे ना?" दुकानदार "शंभर टक्के" म्हणतो आणि सौदा मिटतो. थंडाव्याच्या यंत्रांची कामं करण्यात माझं आयुष्य बारामती-इंदापुरात गेलं. त्या जोरावर सांगतो, हा प्रश्न अर्धवट आहे. नळी किती जाड, सांधा कसा मारला आणि जिथं ती बसवली तिथं तांबं टिकणार आहे का, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय जो पैसे मोजतो, त्याच्या गळ्यात तांब्याच्या नावाखाली काहीही मारता येतं. आणि या तिन्हींची उत्तरं तोंडी नकोत, बिलावर हवीत.

आधी जाडी. आमच्या धंद्यात नळीचा व्यास सुतात मोजतात. आठ सुतांचा एक इंच. दीड टनाच्या स्प्लिट एसीला बहुतेक वेळा एक दोन सुती आणि एक चार सुती नळी लागते. जाडी मात्र गेजमध्ये सांगतात आणि तिथं आकड्याचा उलटा हिशेब आहे. गेज वाढला की नळी पातळ. 20 गेज म्हणजे सुमारे 0.9 मिलिमीटर, 22 गेज 0.7 आणि 24 गेज जेमतेम 0.56. व्यास बाहेरून मोजत असल्यानं तिन्ही नळ्या दिसायला सारख्याच. वरून काळा फोम चढला, पांढरी टेप गुंडाळली की खुद्द मेकॅनिकलाही सांगता येत नाही.

मग ओळखायचं कसं? काट्यावर. चार सुती नळीचा एक मीटरचा तुकडा 22 गेजचा असेल तर सुमारे 240 ग्रॅम भरतो, 20 गेजचा 300 आणि 24 गेजचा 190. दोन सुती नळी 22 गेजची असेल तर मीटरला सुमारे 113 ग्रॅम. हे आकडे धातूच्या घनतेवरून निघतात, कंपनी कोणतीही असो. पन्नास फुटांच्या चार सुती गुंडाळीत 22 आणि 24 गेजमध्ये जवळजवळ पाऊण किलोचा फरक पडतो. पाऊण किलो तांब्याचे किती होतात, ते कोणत्याही भंगारवाल्याला विचारा. दुकानदार तांबं किलोवर घेतो आणि नळी फुटावर विकतो. या दोन मापांच्या फटीत कुणाचा तरी नफा बसलेला असतो.

निमगाव केतकीच्या एका डाळिंबवाल्या मामांना मी हे सांगितलं. त्यांनी दुकानातच मीटरभर तुकडा कापायला लावला आणि शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर नेऊन ठेवला. आकडा 188 वर थांबला. दुकानदार म्हणाला, "मामा, हल्ली सगळे हेच लावतात." मामा म्हणाले, "लावू द्या की. मला पैसे बावीस गेजचे लावलेत, तर नळी बावीस गेजची द्या." दहा मिनिटांत आतून दुसरी गुंडाळी आली.

जाडीचा हा आग्रह आता जास्तच धरायला हवा, कारण गॅस बदलला आहे. जुन्या एसीत आर-22 असायचा. ओझोनच्या थराला तो घातक, म्हणून 1 जानेवारी 2025 पासून आपल्या देशात त्यावर चालणारी नवी यंत्रं बनवायला बंदी आहे. आता दुकानात येतात त्यातल्या बहुतेक एसीत आर-32 असतो. यंत्र बंद आहे आणि स्लॅबवरच्या उन्हात सगळं 45 अंशांपर्यंत तापलंय, असं समजा. आर-22 असेल तर नळीत सव्वादोनशे ते अडीचशे पीएसआय दाब असतो. आर-32 असेल तर तोच पावणेचारशेच्या पुढं जातो. म्हणजे दीडपटीहून जास्त. शिवाय आर-32 थोडाफार पेट घेणारा आहे. अशा गॅससाठी कागदासारखी पातळ नळी वापरायची आणि नटात बसवायला तिचं तोंड पसरवून फ्लेअर मारायचा म्हणजे कडेलाच चीर पडायला आमंत्रण. जुना एसी काढून नवा बसवताना "नळी तीच राहू द्या की" असं सांगणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं. आत जुनं तेल असतं, ते नव्या गॅसच्या तेलाला चालत नाही. आणि जुन्या नळीचा गेज काय होता, हे कुणालाच आठवत नसतं.

दुसरा प्रश्न सांध्याचा. तांब्याची नळी सरळ भागात क्वचित फुटते. ती गळते सांध्यात. चांगला मेकॅनिक नळी करवतीनं कापत नाही, कटरनं कापतो. आतली धार रीमरनं काढतो, आणि तेही नळीचं तोंड खाली धरून, म्हणजे बुरादा आत पडत नाही. सांधा मारताना नळीतून नायट्रोजन हळूहळू सोडत राहतो. हा शेवटचा भाग आपल्याकडं सर्रास गाळला जातो.

नायट्रोजन कशाला, हे ज्यांना बघायचंय त्यांनी दोन सांधे उभे चिरून बघावेत. एक नायट्रोजन सोडून मारलेला, एक तसाच. पहिल्याच्या आत तांबं लालसर, स्वच्छ. दुसऱ्याच्या आत काळी खपली. नखानं खरवडली तर पापुद्रा निघतो, बोटांत चुरडला तर काजळीसारखी पूड होते. तापलेल्या तांब्याला आतल्या हवेतला ऑक्सिजन मिळाला की हा थर धरतो. यंत्र चालू झालं की गॅस आणि तेल ही खपली हळूहळू धुऊन नेतात आणि ती जाऊन बसते स्ट्रेनरमध्ये, कॅपिलरीत, नाहीतर एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या तोंडाशी. सहा-आठ महिन्यांनी यंत्र थंड करत नाही, कॉम्प्रेसर तापतो, आणि दोष जातो कंपनीच्या माथी.

याहून भयंकर प्रकार म्हणजे गळती बघायला वेल्डिंगच्या सिलिंडरमधला ऑक्सिजन नळीत भरणं. कॉम्प्रेसरच्या तेलाशी दाबाखालचा ऑक्सिजन भेटला की स्फोट होतो. यात "कधी कधी" किंवा "नशीब खराब असेल तर" असं काही नाही. कुणी असं करताना दिसला तर त्याला तिथंच थांबवा, मग तो कितीही अनुभवी असो.

सांधे झाल्यावर कंपनीनं सांगितलेल्या दाबाचा नायट्रोजन भरून यंत्र काही तास, जमल्यास रात्रभर ठेवायचं. सकाळी काटा जागेवर असेल तर सांधे पक्के. मग व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल काढायची आणि शेवटी गॅस. आपल्याकडं काय चालतं? थोडा गॅस सोडून नळीतली हवा "मारून काढतात" आणि काम झालं म्हणतात. हवा बरीचशी जाते, ओल राहते. पावसाळ्यात तर राहतेच राहते. तेलात ओल मिसळली की आम्ल तयार होतं आणि कॉम्प्रेसरची वायंडिंग आतून खाल्ली जाते.

इथंच एक गैरसमज मोडायला हवा. "गॅस संपलाय, भरून द्या," असं दर उन्हाळ्यात ऐकू येतं. गॅस मोटारसायकलच्या पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळीत तो फिरत राहतो, वर्षानुवर्षं. कमी झाला म्हणजे कुठंतरी गळतोय. गळती न शोधता दरवर्षी गॅस भरून देणारा माणूस तुमच्यावर उपकार करत नसतो, तुमच्याकडून वार्षिक वर्गणी घेत असतो.

घरातल्या एसीचं एकवेळ ठीक. घाम आला तर पंखा आहे. आपल्या तालुक्यांत खरा मार बसतो तो दुधाला. सणसर, लासुर्णे, काटेवाडी, बावडा, कुठंही जा, गावोगावी संकलन केंद्रं आणि बल्क कूलर. संध्याकाळची धार काढून आलेलं हजार लिटर दूध 35 अंशांवरून 4 अंशांवर आणायचं म्हटलं, तर त्यातून सुमारे 35 युनिट उष्णता काढावी लागते. तीन तासांत काढायची तर सव्वातीन टनांच्या आसपास क्षमता नुसती दुधासाठी लागते, टाकीचं आणि हवेचं वेगळं. गळतीमुळं गॅस कमी पडला तर हेच काम पाच-सहा तासांवर जातं. कोमट दुधात जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होऊ शकतात. सकाळी टँकर आला की एमबीआरटीची, म्हणजे जिवाणूंचा अंदाज देणाऱ्या चाचणीची, वेळ कमी निघते, कधी सीओबी पॉझिटिव्ह येतं, म्हणजे उकळताच दूध फाटतं, आणि सगळं दूध परत. नळीत वाचवलेले दोन-तीन हजार रुपये एका सकाळीत दूध उत्पादकाच्या खिशातून जातात. ज्याच्या गोठ्यात दोन गाई आहेत त्याला यातलं कुणी काही सांगतही नाही.

दुधात आणखी एक खोच आहे. दुधाला तांब्याचा स्पर्शही चालत नाही. तांब्याचा किंचित अंश दुधातल्या स्निग्धांशाला खवट करतो. कल्हई नसलेल्या भांड्यात ताक कळकतं, हे आपल्या आज्यांना पाठ होतं. म्हणून बल्क कूलरची टाकी स्टेनलेस स्टीलची असते आणि तांबं बाहेर, कंडेन्सरमध्ये आणि गॅसच्या नळ्यांत. ही वाटणी योग्यच आहे. पण बाहेरचं तांबं कुठं ठेवतो, याकडं कुणी बघत नाही.

बऱ्याच केंद्रांना लागून गोठा असतो. कंडेन्सिंग युनिट गोठ्याच्या भिंतीलाच टेकवलेलं. गाईच्या मुताचा वास डोळ्यांना झोंबतो तो अमोनियामुळं, आणि ओलसर हवेतला अमोनिया तांब्याला खातो, पितळेला तर चिरा पाडतो. फ्लेअर नट पितळेचे असतात. हे ज्ञान नवं नाही. ब्रिटिश फौजेची काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यात ठेवली की त्यांची पितळी नळकांडी आपोआप तडकायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळेत राहिलेला ताण ही कारणं 1921 मध्ये संशोधकांनी मांडली. शंभर वर्षं उलटली, तरी आपण तीच चूक कंडेन्सिंग युनिटच्या बाबतीत करतो. युनिट गोठ्यापासून लांब, वाऱ्याच्या वरच्या बाजूला, ओट्यावर बसवा. शक्य तिथं फ्लेअर टाळून सांधे ब्रेझिंगचे करा. कॉइल पाण्यानं धुवा. या सगळ्यात फारसा खर्च नाही, थोडा विचार आहे.

यातूनच तिसरा प्रश्न येतो, तांबं कुठं नको. अमोनियावर चालणाऱ्या शीतगृहात आणि बर्फाच्या कारखान्यात तांब्याची एक इंच नळीसुद्धा चालत नाही, तिथं सगळं काम पोलादी नळीचं. भिगवणच्या मासळीला लागणारा बर्फ असो की मोठ्या शीतगृहातला माल, यंत्र अमोनियाचं असेल तर पोलादच. बोरीसारख्या द्राक्षांच्या गावात प्रीकूलिंगच्या खोल्या उभ्या राहतात. त्यातल्या फ्रिऑन जातीच्या गॅसवरच्या लहान खोल्यांना तांबं लागतं आणि ते उत्तम चालतं. "त्यांच्याकडं लोखंड आहे, माझ्याकडं तांबं का?" असं विचारणाऱ्या बागाईतदाराला आधी गॅस कोणता ते विचारायला शिकवलं पाहिजे.

घरातल्या पाण्याच्या नळ्यांचंही तसंच. इंग्लंडमध्ये घरोघरी 15 आणि 22 मिलिमीटरच्या तांब्याच्या नळ्या असतात. तिकडं राहून आलेले पाहुणे बंगला बांधताना तोच हट्ट धरतात. माझं ऐकाल तर आपल्याकडं साध्या घराला चांगली सीपीव्हीसी पुरते. हे ऐकून माझ्याच धंद्यातले लोक माझ्यावर रागावतील. पण गरज नसताना गिऱ्हाइकाच्या माथी तांबं मारणं आणि गरज असताना पातळ तांबं देणं, या दोन्हींत फसवणूक सारखीच. तांबं लावायचंच असेल तर काही पथ्यं पाळा. पिण्याच्या पाण्याच्या सांध्याला शिशाची डाख नको. अमेरिकेनं ती 1986 मध्येच बंद केली. जीआय नळीला तांबं थेट जोडू नका, मध्ये पितळेचा तुकडा घाला. आणि पाण्याची वाट आधी जीआय, मग तांबं अशी ठेवा. उलटं केलंत तर पाण्यात उतरलेले तांब्याचे कण पुढच्या जीआय नळीवर बसतात आणि तिला भोकं पाडतात.

सौर बंबाबाबत तर आपलं बोअरचं पाणीच निकाल देतं. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात जमिनी क्षारपड झाल्या, त्या भागातल्या कित्येक बोअरचं पाणी किती जड आहे, हे चहाच्या पातेल्यावरचा पांढरा थर सांगतो. सपाट पॅनलच्या बंबात पाणी बोटाएवढ्या तांब्याच्या नळ्यांतून फिरतं. हा थर तिथं बसला की दोन-चार वर्षांत नळ्या बुजतात. अशा पाण्याला काचेच्या नळ्यांचा बंब बरा. तांब्याचा हवाच असेल तर ज्यात वापराचं पाणी पॅनलमध्ये जातच नाही असा, हीट एक्स्चेंजरवाला घ्या. पॅनल कितीही शुद्ध तांब्याचं असलं तरी क्षारांना त्याचं काय?

अॅल्युमिनियमचा प्रश्न राहिला. अॅल्युमिनियम म्हणजे फसवणूक, असं मी म्हणणार नाही. उष्णता वाहून नेण्यात तांबं सरस, साधारण 400 ला 235 असा हिशेब. पण कारखान्यात नीट बनवलेली अॅल्युमिनियमची कॉइल आपलं काम चोख करते. अडचण येते ती दुरुस्तीत. अॅल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, तांबं 1085 ला, आणि तांब्याच्या सांध्याला लागणारी आच अॅल्युमिनियमला सोसत नाही. इंदापूरच्या एखाद्या वस्तीवर जाऊन गळकी अॅल्युमिनियम कॉइल जोडणारा कारागीर सहज मिळत नाही. तांबं जोडणारा मिळतो. खेड्यात तांबं घ्यायचं खरं कारण हे आहे. त्याची किंमत चोरांनाही कळते, हेही खरं. तांब्यासाठी डीपी फोडून तेल ओतून देणारे आउटडोअरची नळी सोडतील असं नाही. शेतावरच्या खोलीत नळ्या उघड्या टांगू नका, पत्र्याच्या केसिंगमधून न्या.

आता माझ्या जातभाईंची बाजू. मेमध्ये फोन थांबत नाही, प्रत्येकाला आजच माणूस हवा असतो, आणि "शेजारच्यानं निम्म्यात केलं" हे वाक्य रोज ऐकावं लागतं. नायट्रोजनचा सिलिंडर वाहून न्यायला गाडी लागते, व्हॅक्यूमला वेळ लागतो, रात्रभर दाब ठेवायचा तर दुसरी फेरी पडते. याचे पैसे द्यायला कुणी तयार नसेल तर पोरं ते गाळणारच. आयटीआयमधून बाहेर पडलेल्या पोराला सांधा मारता येतो, पण पहिल्या महिन्यातच मालक त्याला सांगतो, "एवढं करत बसलास तर दिवसाला दोनच कामं होतील." दोष एकट्या मेकॅनिकचा नाही, आणि एकट्या गिऱ्हाइकाचाही नाही.

म्हणून दोघांनाही बांधील असा कागद हवा. बिलावर "कॉपर पाइप, 20 फूट" एवढं लिहून भागू नये. किती सूत, किती गेज, मीटरला किती वजन, नायट्रोजन सोडून ब्रेझिंग केलं का, किती तास दाब ठेवला, व्हॅक्यूम किती घेतला, गॅस कोणता आणि किती ग्रॅम, हे सगळं त्यावर असावं. आठ ओळींचं काम आहे. नायट्रोजन आणि व्हॅक्यूमची मजुरी वेगळी दाखवावी, म्हणजे गिऱ्हाइकाला कळेल की आपण कशाचे पैसे देतोय आणि मेकॅनिकला ते गाळता येणार नाही.

याची सुरुवात घरोघरी होणार नाही, ती दुधापासून व्हावी. प्रत्येक संकलन केंद्राची, प्रत्येक संघाची बल्क कूलर बसवायची आणि दुरुस्तीची दरपत्रकं निघतात. त्यात आज क्षमता आणि किंमत पाहतात, नळीचा गेज कुणी विचारत नाही. पुढच्या सभेत संचालकांनी या आठ ओळी दरपत्रकात घालाव्यात आणि आलेल्या मालातला मीटरभर तुकडा सगळ्यांसमोर तोलावा. काटा तर प्रत्येक केंद्रात आहेच. पाच-दहा केंद्रांनी 190 ग्रॅमचा माल परत पाठवला की बारामतीच्या दुकानांत 24 गेज मागवणं आपोआप थांबेल. आणि तसं झालं की, काहीही न विचारता फक्त "कॉपरच आहे ना?" म्हणणाऱ्यालाही चांगली नळी मिळेल.